तीनशे दोन आणि हिरवं पुडकं

पुतै गावच्या बी-लानने आयुष्यात एकदाच इंजिनापुढे हात टेकले होते, आणि तेही तेलावरून पाय घसरला म्हणून.

त्या सकाळी तिच्या गॅरेजपुढे तिंग-हावची लाल गाडी अशी थडथडत आली, की शेजारच्या टोपलीतली कालवं आपोआप उघडली म्हणतात. छपरावर लग्नाच्या रीतीचा, मुळासकट उपटलेला बांबू, आरशांना गुलाबी फिती, आत सुटाबुटात नवरदेव तिंग-हाव स्वतः आणि मागे त्याची आजी, सगळ्या गल्लीची आमा. स्टिअरिंगपुढच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा डोळे मिचकावत होता.

"मावशी, दुपारच्या आत मेईशानचा घाट चढून नवरी आणायचीय," तिंग-हाव घाम पुसत म्हणाला. "मुहूर्त चुकला तर पुढचा थेट भुतांचा अशुभ महिना उलटल्यावर. तोवर तिचा आजोबा दुसरा नातजावई बघेल!"

"आणि नवरी बसली की गाडी वाटेत थांबायची नाही," आमाने बजावलं. "थांबली की संसार अडखळतो."

बी-लानने बिघाडाचा आकडा दाखवणारा स्कॅनर लावला. "तीनशे दोन. दुसरं सिलिंडर मिसिंग मारतंय."

"पुसून टाक ना तो आकडा! दिवा विझला की झालं."

"दिवा विझवून ताप उतरतो का रे? पहिल्याच वळणावर गाडी बसेल. मग आण नवरीला पाठुंगळी."

तिने दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्याला लावली, तिसऱ्याची दुसऱ्याला. खोट कॉइलची असेल, तर आता तिसऱ्याने रडायला हवं, म्हणजे तीनशे तीन. आकडा पुसला, गाडी सुरू केली. पुन्हा तीनशे दोनच! प्लगांची अदलाबदल केली. तरी तीनशे दोन.

"भाड्याची गाडी घेऊ या," आमा पुटपुटली.

"आज कुठली मिळायला? जिल्ह्यातली झाडून सगळी चाकं लग्नाला गेलीत," नवरदेव रडकुंडीला आला.

"भाड्याची कशाला?" बी-लानने बाह्या सरसावल्या. "आधी कोण थकतं ते बघते, हा आकडा की मी."

सुरू इंजिनावर ती ओणवी झाली आणि जेवायच्या लांब काडीने एकेक वायर हलवू लागली. एका ठिकाणी काडी लागली नि इंजिन क्षणभर सरळ चाललं. काडी काढली, पुन्हा उचकी.

"सापडलास!"

इंजिन बंद करून तिने आत आरसा धरला. दुसऱ्या सिलिंडरला पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरची वायर तांब्यापर्यंत कुरतडलेली. शेजारी चिंध्यांचं घरटं, त्यात फाटकं हिरवं पुडकं, आणि पुडक्यात उंदीर. तो मांजराएवढा होता असं लोक सांगतात. खोटं कशाला बोलू, गल्लीतलं मांजर त्याच्याहून लहान होतं.

'शहाणा हो' अशा नावाच्या, खोबऱ्याच्या चवीच्या खाऊचं हिरवं पुडकं यंत्राशेजारी ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे पुतैतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"आमा, पुडकं यंत्राजवळ ठेवतात. यंत्रात नाही!"

"जवळ म्हणजे किती जवळ, ते कुणी सांगितलंय? मुदत संपली की गुण जातो, म्हणून बघून आणलं होतं हो," आमा फणकारली. मग आवाज उतरला. "दिवा लागला म्हणून दुसरंही ठेवलं."

"म्हणजे उंदराला दुसरी पंगत वाढलीत."

बी-लानने उंदराला घरट्यासकट हुसकावलं, वायर कापली, नवा तुकडा झाळून जोडला आणि उंदरांनी तोंड लावू नये म्हणून असते ती तिखटजाळ पट्टी वरून गुंडाळली. आकडा पुसला. मग नवरदेवाला बाजूला सारून गाडी स्वतः पळवली, समुद्राच्या बांधाचा चढ चढून आली. दिवा लागला नाही. इंजिन इतकं गुपचूप चालत होतं, की बंद आहे समजून तिंग-हावने पुन्हा किल्ली फिरवली आणि शिव्या खाल्ल्या.

निघताना आमाने पिशवीतून हळूच तिसरं पुडकं काढलं. बी-लानने ते हिसकावलं, फोडलं आणि नवरदेवाच्या पुढ्यात धरलं.

"खा. सगळं. आज शहाण्यासारखं वागायचंय कुणाला? त्याच्याच पोटात जाऊ दे."

मुहूर्ताच्या आत नवरी गाडीत बसली, रीतीप्रमाणे तिने खिडकीतून हातपंखा टाकला, आणि गाडी पुतै येईपर्यंत कुठेही थांबली नाही. वाटेतले सिग्नलसुद्धा लाल व्हायला लाजले.

नवऱ्याच्या तोंडाला दिवसभर खोबऱ्याचा वास होता, असं नवरी अजून सांगते. आणि दोघांचं बिनसलं, की गाडी नव्हे, ती नवऱ्यालाच गॅरेजवर आणते. "मावशी, लावा स्कॅनर. बघा याचा आकडा."