भिंतीवर न मावलेले वाफे

अग्बोद्झासाहेब राजधानीहून, आक्राहून, आले ते काळा कोट घालून. भर दुपारी, खाजणावरचा खारा वारा अंगाला चिकटत असताना, काळा कोट! एसेनामला तेवढ्यावरूनच कळलं, की या माणसाचा स्वतःच्या अकलेपेक्षा शिंप्यावर जास्त भरवसा आहे. मिठाच्या कंपनीने नेमलेला हा मोजणीतज्ज्ञ. कंपनीला खाजणाकाठी मिठागरं हवी होती, आणि तोग्बेंच्या, म्हणजे गावच्या राजांच्या, दरबारात आज हद्द ठरायची होती. ती मान्य झाली की तोग्बे पूर्वजांच्या नावाने जमिनीवर श्नॅप्स, म्हणजे कडक दारू, ओतणार. एकदा ओतली की विषय संपला, मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. बाटलीही कंपनीनेच आणली होती.

गावाच्या कडेला एक कडुनिंब होता, आणि त्याच्या पलीकडे गावातल्या बायकांचे कांद्याचे त्रेचाळीस वाफे होते. त्यातले चार एसेनामच्या आईचे, आब्लाचे. त्या चार वाफ्यांवरच एसेनाम शिकली होती. तीन महिने मोबाइल हातात धरून ती वाफ्यावाफ्यातून फिरली, आणि प्रत्येकावर तो मूळ जिचा होता तिचं नाव घालून तिने नकाशा तयार केला. लॅपटॉप शाळेने मोडीत काढलेला, त्यावर तिने स्वतः लिनक्स चढवलेलं. प्रोजेक्टर चर्चमधून मागून आणलेला, त्याहूनही म्हातारा. अग्बोद्झाने दोन्हींकडे असं पाहिलं, जणू ताटात कुणी पाल वाढली असावी.

"यात विंडोज नाही?"

"नाही."

"मग अवघडच आहे हो. असल्या फुकटच्या गोष्टी ऐन वेळी दगा देतात."

"निदान तुमच्या कोटासारखा घाम तरी फोडत नाहीत," एसेनाम म्हणाली. बाकांवरच्या बायका तोंडावर हात धरून हसल्या.

खिडक्या झाकल्या. नकाशा भिंतीवर पडला. समोर उंच खुर्चीवर तोग्बे आणि शेजारी सोनेरी मुठीची काठी घेतलेला क्पोडो. हा त्यांचा त्सियामी. तोग्बेंशी थेट बोलायचं नाही; त्सियामीला सांगायचं, मग तो हातभर अंतरावरच्या तोग्बेंना तेच पुन्हा सांगणार. आणि तोग्बेंकडे पाठ तर कधीच करायची नाही. म्हणून एसेनाम भिंतीकडे पाठ करून उभी राहिली, आणि टेबलावरच्या लॅपटॉपवर बघत बोलू लागली.

"त्सियामी, तोग्बेंच्या कानावर घाला. डावीकडे गाव, मध्ये कडुनिंब, उजवीकडे आमचे वाफे. त्रेचाळीस."

त्सियामीने घातलं. तोग्बेंनी मान डोलावली. आब्ला खोकली.

अग्बोद्झा उठला. "त्सियामी, तोग्बेंना सांगा, बाईंनी नकाशा फार सुरेख केलाय. कंपनीला तो जसाच्या तसा मान्य आहे. भिंतीवर जेवढं दिसतंय तेवढं गावाचं. त्याच्या पलीकडचं कंपनीचं. बस्स, आजच ओतून टाकू."

बायकांत कुजबुज झाली, पण दरबारात ज्याची पाळी त्यानेच बोलायचं. एसेनाम मात्र चक्रावली. हा कोटवाला इतक्या सहज मान्य करतोय? सहा महिने पत्रांतून एकेका बांधासाठी भांडलेला हा इसम? आब्ला पुन्हा खोकली, आणि या वेळी तिचे डोळे भिंतीवर खिळलेले होते. तोग्बेंचा हात बाटलीकडे गेला.

एसेनाम गर्रकन वळली.

"अगं ए!" त्सियामी ओरडला. "तोग्बेंना पाठ?"

भिंतीवर नकाशा कडुनिंबापाशीच संपत होता. झाडसुद्धा अर्धंच. लॅपटॉपचा पडदा लांबट, प्रोजेक्टरचा चौकोनी. चित्र लॅपटॉपच्या मापाने जात होतं आणि उजवीकडची पट्टी प्रोजेक्टरला मावतच नव्हती. त्रेचाळीस वाफे नेमके त्या पट्टीत. ही साधी गोष्ट आधी तपासली नाही म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बिघडलं वाटतं," अग्बोद्झा म्हणाला. "माझा लॅपटॉप लावू? त्यात नकाशा तयार आहे."

"तुमच्याकडे तयार असणारच. बसा, कोट चुरगळेल."

तिने लॅपटॉपवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. प्रोजेक्टरला कोणकोणती मापं झेपतात ते विचारलं. मग एक ओळ लिहिली: दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन, एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट. एंटर दाबलं. भिंत काळी झाली.

"गेलं!" अग्बोद्झाला आनंद लपवता आला नाही.

चित्र परत आलं. थोडं आखडलेलं, पण पुरतं. अख्खा कडुनिंब, आणि त्याच्या पलीकडे वाफेच वाफे. आता पाळीबिळी कुणी पाहिली नाही. बायका एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या. अगदी टोकाच्या वाफ्यावरचं नाव आब्लाने वाचलं.

"अमेवुसिका."

सगळ्या माना उंच खुर्चीकडे वळल्या. अमेवुसिका तोग्बेंची आई. त्या वाफ्याला पाणी घालतच तोग्बे मोठे झाले होते.

आणि तेव्हा एसेनामच्या डोक्यात उजेड पडला. भिंत दिसत नव्हती ती फक्त तिला. तोग्बे तर पहिल्यापासून भिंतीसमोरच बसले होते. आपल्या आईचा वाफा गायब झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि हात बाटलीकडे नेला होता. कोटवाला निदान पगारी लबाड होता. हे फुकटचे. तिला त्यांची किळस आली.

तोग्बे त्सियामीच्या कानात बराच वेळ पुटपुटले. त्सियामीने काठी आपटली. "तोग्बे म्हणतात, आज ओतणं नाही. उद्या रानात जाऊन मोजा, या नकाशाप्रमाणे. आणि या पोरीने दरबारात पाठ दाखवली, त्याचा दंड एक बाटली श्नॅप्स."

"त्सियामी, तोग्बेंना सांगा, दोन बाटल्या आणते."

"दुसरी कशाची?"

एसेनामने लॅपटॉप मिटून काखेत घेतला. खुर्चीकडे पुरती पाठ केली आणि आईचा हात धरून दारापर्यंत सावकाश, अगदी सावकाश चालत गेली.