काकांचा आवाज आणि पंचवीस-तीसचा घोळ

आमच्या नात्यागोत्यात मला ‘सायंटिस्ट’ म्हणतात. कारण एवढंच, की मावशीचा बंद पडलेला रेडिओ मी एकदा सेल बदलून सुरू केला होता. नोकरी माझी ग्रंथालयात, पुस्तकांवर नंबर चिकटवायची. पण मिळालेली पदवी टिकवावी लागते. म्हणून परदेशातल्या मावसबहिणीने फोनवर विचारलं, “आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला बाबांच्या सगळ्या व्हिडिओंची डीव्हीडी करशील?” तेव्हा मी “त्यात काय एवढं!” म्हणून मोकळा झालो.

काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ मावशीकडे होते. ते दोघं लेकीकडे राहायला गेले, तेव्हाचे लेकीने पाठवले. मी सगळे कॉम्प्युटरमध्ये ओतले आणि बटण दाबलं. पडद्यावर सूचना आली: व्हिडिओ दोन वेगळ्या पद्धतींचे आहेत, एका डिस्कवर एकच पद्धत चालेल.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“पाल आहे,” मी म्हणालो.

ती खुर्चीवर चढली.

पाल हे आपल्या इथल्या व्हिडिओ-पद्धतीचं नाव आहे, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. आपल्या कॅमेऱ्यात सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, मावसबहिणीच्या कॅमेऱ्यात तीस.

“मग दोन डिस्क करा की,” ती खाली उतरत म्हणाली.

“आणि तिकडची डिस्क मावशीच्या प्लेअरवर चालली नाही तर?”

“प्लेअरवर लिहिलेलं असेल ना. जाऊन बघा.”

इतकं सोपं उत्तर सायंटिस्टला कसं चालावं? मी दहा दिवस खपलो आणि तीसवाले व्हिडिओ ताणून ताणून पंचवीसमध्ये बसवले. सूचना नाहीशी झाली. मी स्वतःलाच शाबासकी दिली. मग डिस्क लावून बघितली, तर काका पाण्यातून चालल्यासारखे चालत होते आणि त्यांचा आवाज रिकाम्या पिंपातून यावा तसा येत होता. कबूल करायचं म्हणजे जिवावर आलं. त्यापेक्षा मी आवाज पार बंद केला आणि वरून व्हायोलिन घातलं. इथल्या व्हिडिओंवरही घातलं, म्हणजे कुणाला शंका नको.

वाढदिवसाच्या दुपारी पंधरा-वीस माणसं मावशीच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसली. मावसबहीणही आली होती. डिस्क संपल्यावर टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून त्या स्वीकारल्या.

“छान केलंस रे,” मावशी म्हणाली. “पण हे काहीच कसे बोलत नाहीत? मला आता धड दिसत नाही, टीव्हीवर नुसत्या सावल्या हलतात. म्हटलं, यांचा आवाज तरी ऐकायला मिळेल.”

“तांत्रिक कारणामुळे...” मी सुरुवात केली. बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी सगळ्यांसमोर मी पाल, पिंप, व्हायोलिन, सगळं सांगून टाकलं. मावसबहीण तोंडाला पदर लावून हसत होती.

मी टीव्हीमागे शिरलो, प्लेअर ओढून उलटा केला. मागे चिकटवलेल्या कागदावर दोन्ही पद्धतींची नावं ठळक छापलेली होती. नंबर चिकटवणाऱ्या माणसाला नेमकं तेच वाचायचं सुचलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन डिस्क केल्या, काहीही न ताणता, काहीही न घालता. तासाभराचं काम. लगेच त्या घेऊन बायकोबरोबर मावशीकडे गेलो आणि आधी तिकडची लावली.

लेकीच्या स्वयंपाकघरात काका एका बरणीशी झटत होते. “अगं, हे झाकण डावीकडे फिरवायचं की उजवीकडे?”

“डावीकडे,” मावशी खुर्चीतून म्हणाली. टीव्हीतली मावशीही तेच म्हणाली, जराशी चिडून.

मावशीने तो तुकडा चार वेळा लावायला लावला. मावसबहीण उठून आत गेली आणि बराच वेळ नळ वाहता राहिला. मला काय करावं कळेना. मावशी म्हणाली, “जरा मोठा कर रे.” मी तत्परतेने रिमोटचं बटण दाबलं आणि डिस्क खर्रकन बाहेर आली.

“राहू दे तू,” मावशी म्हणाली आणि रिमोट माझ्या हातातून काढून बायकोकडे दिला.