पालथे पेले

विमा कंपनी यंदा बार तपासायला गुपचूप माणूस पाठवणार आहे, असं एजंट डोनाने फोनवर सांगितलं आणि एल्मा कार्वोनेनची झोप उडाली. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला आणखी पाजली आणि त्याने वाटेत कुणाला उडवलं, तर भरपाई बारच्या माथी येते. त्यासाठीचा विमा नसेल तर मिशिगनात दारूचा परवाना टिकत नाही, आणि परवाना गेला की बापाने उभा केलेला बार बंद. नुसत्या तळलेल्या माशांवर कुणाचं भागलंय!

तेव्हापासून तिला जो तो हेर दिसायला लागला. बिअरची पिंपं उतरवणाऱ्याकडेसुद्धा ती डोळे बारीक करून बघायची.

शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यात एक अनोळखी माणूस तळलेले मासे मागवून नुसता सोडा पीत बसला.

"रेइनो, बूट बघ त्याचे. कोरे करकरीत, या बर्फात?"

"ताई, घेतले असतील नवीन," गल्ल्यामागून भाऊ म्हणाला. "उद्या मी आंघोळ केली तरी तू संशय घेशील."

"तू आंघोळ केलीस तर अख्खं गाव संशय घेईल. लक्ष ठेव."

त्या दिवशी आर्वोकाकांना नात झाली होती. हे एल्माच्या वडिलांचे खाणीतले दोस्त. जो येई तो त्यांना एक पाजायला सांगे. इथली रीत अशी, की हातातली संपायच्या आत कुणी पुढचीचे पैसे भरले, तर बारवाला समोर एक छोटा पेला पालथा ठेवतो आणि ती दारू दिली की उचलतो. काकांसमोर पालथ्या पेल्यांची रांग लागली होती.

"पो... पोरी," काका म्हणाले, "नाव... नाव ठेवलंय..." जीभ जड झाली होती. कोपर लागून बिअरचा मग आडवा झाला. कोपऱ्यातल्याने मान वळवली.

एरवी त्यांना काका म्हणणारी एल्मा कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "बस झालं, आर्वो! आता थेंब मिळणार नाही. आजोबा झालास, अक्कल कधी येणार?"

लोक हसले. काका काहीतरी पुटपुटत राहिले. तिने त्यांच्या खांद्यावर कोट टाकला, दंड धरून दाराबाहेर काढलं. त्यांचं घर रस्त्यापलीकडेच होतं. कोपऱ्यातला माणूस मासे संपवून, मान डोलावून निघून गेला. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

रेइनो फडकं घेऊन आला आणि थबकला.

"ताई, एकही पेला उचललेला नाही."

"मग?"

"मग ते प्यायले काय? पहिलीच बिअर होती, तीही सांडली."

दोघं धावत बाहेर गेली. काका भिंतीला टेकून बर्फात बसले होते. अर्धा चेहरा खाली ओघळला होता.

काका पक्षाघातातून वाचले, पण उजवा हात गेला आणि वाचाही. नातीचं नाव शेवटी त्यांच्या बायकोने सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात डोनाचा फोन आला. "काय जादू केलीस गं! तो माणूस तुझं कौतुक करताना थकत नाही. झिंगलेल्या म्हाताऱ्याला कसं बाहेर काढलं, ते बाकीच्या बारवाल्यांनी शिकावं म्हणे. विमा मंजूर, वर हप्त्यात सूट!"

एल्मा म्हणाली, "ते प्यायलेले नव्हते, डोना."

"हे मी ऐकलंच नाही. अहवाल गेलाय. सूट घे आणि गप्प बस."

एल्मा गप्प बसली.