न खाल्लेली साखर

सकाळी उठल्याबरोबर वडिलांनी बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर टेकवायचा आणि लेकीने आकडा मोठ्याने वाचायचा, असा त्या घरचा नेम होता. चार दिवस आकडा पावणेदोनशेच्या खाली येईना. वडील सांगत, संध्याकाळी सातनंतर पाण्याखेरीज तोंडात काही गेलं नाही. लेकीचं उत्तर ठरलेलं, मग साखर काय आभाळातून पडली?

वडील शिंपी. नजर अधू झाली तशी शिलाई मशीन लेकीच्या हाती आली होती. पाचव्या दिवशी ते पाणी प्यायला उठले, तर खाऊच्या पिशवीचं तोंड शिवलेलं. बोटांनी चाचपलं, तर बारीक धावदोरा, शेवटी उलटी गाठ. ही गाठ त्यांनीच तिला मांडीवर बसवून शिकवली होती. म्हातारे तिथेच खाली बसले. परक्याने चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली, पण जेवणाला हात लावला नाही. सकाळी आकडा एकशे ऐंशी! लेक तडक पिशवीकडे गेली. टाका जसाच्या तसा होता.

ती वडिलांना घेऊन दवाखान्यात गेली. सगळं ऐकून तिथल्या वयस्कर सिस्टर आधी वडिलांवर रागावल्या; गोळी घेऊन उपाशी राहणं जिवावर बेतलं असतं. मग त्या लेकीकडे वळल्या.

"ताई, पोट रिकामं असलं तरी मेंदूला साखर लागतेच. म्हणून यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, नवीही तयार करतं. पहाटे तर जरा जास्तच. इन्शुलिन त्याला आवर घालतं. काकांचा तो आवर ढिला पडलाय. चोर शोधायचाच असेल तर यकृताला धरा."

लेकीची मान खाली गेली. वडिलांनी एवढंच विचारलं, "पोरी, मी तुझ्याशी खोटं कधी बोललो होतो गं?"

डॉक्टरांनी औषध बदललं. दुसऱ्या सकाळी लेकीने आकडा वाचण्याआधी विचारलं, "बाबा, झोप लागली का?" उत्तर यायला वेळ लागला. तो तिने मुकाट्याने सोसला.

वाचकहो, रक्तातला आकडा शरीराचं काम सांगतो, माणसाची नियत नव्हे. घरच्या आजारी माणसावर पहारा बसवण्याआधी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून पाहा. साखर औषधाने उतरते. दुखावलेलं मन इतक्या लवकर सावरत नाही.