सदर महिला

निवडणूक चार दिवसांवर आली की वर्तमानपत्राच्या कचेरीत माणसं बातमी लिहीत नाहीत, मत देतात! आणि आपण वाचक ते मत बातमी म्हणून निमूट गिळतो.

एका सांजदैनिकाचा उपसंपादक त्यातलाच. मजकूर छाटण्यात पटाईत, म्हणून त्याला सगळे 'कात्री' म्हणत. दुपारी एकला पान छपाईला जायचं होतं आणि पावणेएकला ते अडलं. अडवलं मुद्रितशोधक बाईंनी. जो येईल त्याच्यात खोट काढतात म्हणून कचेरीने त्यांचं नाव ठेवलं होतं आत्या. त्यांच्या सहीशिवाय पान हलत नसे.

"आत्या, चार ओळींच्या बातमीत काय अडलं?"

"शुद्धलेखन ठीक आहे. नियत अशुद्ध आहे."

बातमी निवडणुकीला उभ्या असलेल्या वकिलाची होती. त्याने दार लावून अंगाला हात लावला, अशी तक्रार त्याच्या टंकलेखिकेने पोलिसांत दिली होती. कात्रीला वकील मनापासून आवडायचा. शिकलेला माणूस, बोलणं स्वच्छ. म्हणून मथळा होता, 'वकिलांच्या बदनामीचा डाव?' आतलं पान, खालचा कोपरा.

आत्यांनी परवाचा अंक त्याच्यापुढे आपटला. वकिलाविरुद्ध उभ्या असलेल्या कंत्राटदारावर त्याच्याकडच्या कामगार बाईने अशीच तक्रार केली होती. ती बातमी पहिल्या पानावर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत: 'कंत्राटदाराचा नीचपणा!'

"परवाची बाई 'पीडित भगिनी'. आजची 'सदर महिला'. सदर! जमिनीच्या कागदात लिहितात तसं. वर 'घटस्फोटित असून'. तिच्या घटस्फोटाचा इथे काय संबंध रे मेल्या?"

"पण कंत्राटदार आहेच तसला! सगळ्यांना माहीत आहे."

"त्याला फोन केला होतास?"

कात्रीने नकारार्थी मान हलवली.

"आणि वकिलाला?"

"केला ना. त्यांचा खुलासा घेतलाय."

"चारातल्या अडीच ओळी त्याच्या! बाईला कोण विचारतंय?"

"आत्या, उद्या ती खोटी निघाली तर? एक चांगला माणूस फुकट पडेल!"

"निघेलही. परवाचीही निघेल. ते ठरवायला तू न्यायाधीश आहेस का? तक्रार कुणी, कुठे, काय केली. समोरचा काय म्हणतो. आपण काय तपासलं. एवढं सांग, पण दोघांना एकाच मापाने. ही घे पेन्सिल. वकिलाच्या जागी कंत्राटदार घाल आणि मोठ्याने वाच."

तेवढ्यात संपादक तणतणत आले. "पान का अडलंय?"

कात्रीने मोठ्याने वाचलं, "'कंत्राटदारांच्या बदनामीचा डाव? सदर महिला घटस्फोटित असून, ऐन निवडणुकीत तिचा बोलविता धनी कोण, अशी चर्चा...'"

"थांब!" संपादक भडकले. "त्या कंत्राटदाराची तळी कोण उचलतंय? बिचाऱ्या बाईची अब्रू काढताय? कुणी लिहिलं हे?"

"मीच, साहेब. वकिलांसाठी. फक्त नाव बदललंय."

संपादकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"वकील पडला तर खापर तुझ्या डोक्यावर फोडीन."

"फोडा, साहेब." कात्रीने परवाचा अंक त्यांच्यापुढे सरकवला. "पण हे असं छापलं तर त्या बाईला खोटी आपणच ठरवली. आणि परवा त्या माणसाला दोषीही आपणच ठरवलं!"

संपादकांनी घड्याळ पाहिलं. "लिही. लवकर."

कात्रीने कंत्राटदाराला फोन लावला. त्याने आधी आईवरून शिव्या दिल्या, मग आपली बाजू सांगितली. दोन्ही तक्रारी पहिल्या पानावर शेजारी शेजारी गेल्या. अक्षरं सारखी, ओळी सारख्या. खाली चौकट होती: 'परवा आम्ही कंत्राटदारांना न विचारताच दोषी ठरवलं. चूक आमची.' आत्यांनी सही ठोकली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

अंक बाजारात गेला आणि फोन खणखणू लागले. वकिलाची माणसं म्हणाली, "विकले गेलात!" कंत्राटदाराची माणसंही तेच म्हणाली.

कात्री प्रत्येकाला एकच विचारत होता, "यातली कुठली ओळ खोटी आहे, सांगा." एकालाही सांगता आली नाही.

नागरिकहो, आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण माणूस आपला आहे म्हणून आरोप खोटा ठरत नाही, आणि परका आहे म्हणून खराही ठरत नाही. हे पत्रकाराने पाळायचं आणि आपणही पाळायचं. आपल्याला आपल्या बाजूची लबाडी गोड लागते, म्हणूनच ते ती छापतात!