जड मशीन, हलकं मशीन

खुशालरावांनी मशीनला दोन्ही हातांनी कव घातली, गुडघे वाकवले आणि जोर लावला. मशीन जागचं हललं नाही. त्यांनी श्वास सोडला, शर्ट खाली ओढला आणि समाधानाने मान डोलावली.

"काका, तीस किलो हाय ते," दुकानातला रोहित म्हणाला. "उगाच कंबर धरंल."

"म्हणूनच म्हणतो. हेच बांधा."

त्यांची सून प्रणाली पलीकडच्या टेबलाशी उभी होती. ती वळून म्हणाली, "बाबा, अजून चव तं पाह्यलीच नाई आपण."

"चव काय, येते मागून. वजन पाहून घ्यावं माणसानं."

रोहित हसला. गिऱ्हाइकाचा सासरा म्हटल्यावर हसावंच लागतं. अकोल्यातलं हे दुकान खरं तर हॉटेलवाल्यांचं. खाली भट्ट्या, डोशाचे तवे, उसाच्या रसाचे चरक. आणि वरच्या मजल्यावर, काचेमागे, एसीच्या गारव्यात, घरी एस्प्रेसो करायची ही चकचकीत यंत्रं मांडलेली. किमतीच्या चिठ्ठ्या वाचताना खुशालरावांना आधी वाटलं, कोणीतरी आपल्यासारखाच थट्टेखोर मनुष्य दुकानात येऊन शून्यं वाढवून गेला असावा. पण पैसे प्रणालीच्या बोनसचे होते, तेव्हा त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांना फक्त वजनाशी घेणं होतं.

वजनाची भानगड अशी. कोरोनात मुलगा किशोर आणि प्रणाली पुण्याचं घर सोडून अमरावतीला त्यांच्याकडे आले, ते तिथेच राहिले. दोघांची कामं लॅपटॉपवर. वरच्या खोलीत दोन टेबलं लागली, गच्चीवर तुळशीशेजारी बेसिलची कुंडी आली, घरात दिवसभर माणसांचा आवाज आला. खुशालराव वीज कंपनीतून निवृत्त होऊन नुकतेच रिकामे झाले होते. त्यांना तर आयतं गिऱ्हाईक मिळालं. सुनेच्या मीटिंगच्या वेळी खिडकीखाली उभं राहून भाजीवाल्याच्या आवाजात "वांगेऽऽ" म्हणायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग झाला.

आणि गेल्या महिन्यात त्यांनी गच्चीवरून प्रणालीचं फोनवरचं बोलणं ऐकलं. पुण्याचं ऑफिस सगळ्यांना परत बोलावत होतं. "मला थोडा वेळ द्या," ती म्हणत होती, "घरी बोलते आणि कळवते."

घरी ती काही बोलली नाही. किशोरही नाही. खुशालरावांनी बायकोला सांगितलं, तर मैनाबाईने त्यांनाच दम भरला.

"विचारायचं नाई. विचारलं तं पोरं लाजेपायी राहतील. असं राहणं नको मले."

म्हणजे झालं. ज्या माणसाने एकेकाळी अख्ख्या गल्लीला उद्यापासून नळाला गरम पाणी येणार म्हणून पटवलं होतं, आणि भल्या पहाटे चार बायांना बादल्या घेऊन उभं केलं होतं, त्याला स्वतःच्या घरात एक साधा प्रश्न विचारायची बंदी आली. आठवडा असाच गेला. मग एका जेवणात प्रणालीने कॉफीच्या मशीनचा विषय काढला. मैनाबाई एवढंच म्हणाली, "आण बाई, पण माह्या ओट्यावर धूड नको." आणि खुशालरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जड मशीन घेतलं तर त्याला पाण्याची लाइन जोडा, सांडपाण्याची नळी काढा, भिंतीत भोक पाडा. एवढं करून कोण ते पुण्याला तिसऱ्या मजल्यावर चढवतो? हलकं घेतलं, तर मात्र पोरं निघाली हे कळून चुकायचं. विचारायचं कामच नव्हतं. पोरगी कोणत्या मशीनला हात लावते तेवढं पाहायचं.

म्हणून ते हट्टाने सोबत आले होते. किशोरची दिवसभर मीटिंग होती, गाडी प्रणालीच चालवत होती. आणि नुसतं पाहत बसणारा तो खुशालराव कसला? मूर्तिजापूर सोडल्यावर त्यांनी पोटाचं निमित्त करून गाडी थांबवली, रस्त्याकडच्या मळ्यात आपल्या जुन्या दोस्ताच्या, देवरावच्या, बोअरवर गेले आणि एक बाटली भरून आणली. हा भाग खारपाणपट्ट्याचा. इथलं जमिनीतलं पाणी इतकं खारट, की त्याचा चहा केला तर दूध फाटतं. बाटली त्यांनी पिशवीत, टॉवेलात गुंडाळून ठेवली. लागलीच तर लागली.

आता ती लागायची वेळ आली होती. तीस किलोच्या मशीनची कॉफी प्रणालीने पिऊन पाहिली, डोळे मिटून "वा" म्हणाली, खुशालराव मनातल्या मनात पेढे वाटायला निघाले; आणि तेवढ्यात ती कोपऱ्यातल्या एका छोट्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. सडपातळ, एका बाजूला लांब दांडी, बसायला पाटाएवढी जागा.

"याचं वजन किती?"

"सहा किलो, मॅडम. सोबत पिशवी पण येते. कुठंही न्या."

खुशालरावांनी पिशवीतली बाटली चाचपली.

"पिशवी राहू द्या," प्रणाली म्हणाली. "खोका मात्र कंपनीचाच पाह्यजे, आतल्या फोमसकट. आधी दाखवा मले."

खोका कोणाला लागतो? ज्याला सामान बांधायचं असतं त्याला. रोहित खोका आणायला खाली गेला. प्रणालीला किशोरचा फोन आला, ती काचेबाहेर गेली. खुशालरावांनी इकडेतिकडे पाहिलं, छोट्या मशीनची पाण्याची टाकी ओढून काढली, आतलं पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं आणि टॉवेलातली बाटली रिकामी करून टाकी होती तशी बसवली. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं निघालं. पाणी खालून वाहत फरशीवर आलं. मग काय, ते त्या थारोळ्यावर दोन्ही चपला रोवून, गंभीर चेहरा करून उभे राहिले.

रोहितने कॉफी दळली, दाबून भरली, दांडी खाली ओढली. छोट्याशा कपात काळपट धार उतरली. वर सोनेरी फेसही नीट आला. खाऱ्या पाण्याने दिसण्यात काही दगा दिला नाही.

प्रणालीने घोट घेतला.

खुशालराव तिच्या भुवयांकडे टक लावून पाहत होते. भुवया हलल्या नाहीत. तिने कप खाली घेतला, मशीनच्या टाकीकडे पाहिलं, मग कुंडीकडे, मग सासऱ्याच्या ओल्या चपलांकडे. बराच वेळ ती चपलांकडेच पाहत होती. मग कप त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, घ्या. तुमचं मत महत्त्वाचं हाय."

"मी कायचा कॉफीवाला? मी चहाचा माणूस."

"एक घोट."

त्यांनी घेतला. करपलेल्या वांग्यावर कोणी मिठाची बरणी उलटी करावी, तशी चव होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी आतल्या आत परतवलं.

"कशी हाय?"

"चांगली हाय," खुशालराव म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

"मंग संपवा सारी. टाकू नये."

त्यांनी संपवली. रोहित कौतुकाने पाहत राहिला. एवढी कडक कॉफी बिनसाखरेची पिणारा वऱ्हाडी म्हातारा त्याने पहिल्यांदा पाहिला असावा. प्रणाली त्याच्याकडे वळली.

"हेच द्या. खोक्यातलं नवीन. आणि या डेमोची टाकी रिकामी करा, दोन-तीनदा साधं पाणी फिरवून घ्या यातून. लगेच."

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर खोका, त्याला आडवा पट्टा लावलेला, जसं नातवंडच बसवलंय. खुशालराव पुढे.  बोरगाव गेलं, मूर्तिजापूर जवळ आलं, तेव्हा प्रणाली रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "देवरावकाकांच्या बोअरचं होतं ना?"

खुशालरावांनी खिडकीबाहेरच्या तुरीत लक्ष घातलं.

"माहं आजोळ दर्यापूरकडचं हाय, बाबा. उन्हाळाभर हेच पाणी पेलो आमी. गोड्या पाण्याचा पितळी गुंड वेगळा भरून राहे, तो पाहुण्यांच्या चहाले. पोरांनी त्याले हात लावला की आजी पाठीत धपाटा घाले." ती जराशी हसली. "एका घोटात मामाचं घर दिसलं मले. काहून केलं पण असं?"

"मशीनची परीक्षा घेतली."

"मशीनची का माही?"

विचारायची हीच वेळ होती. प्रश्न अगदी दातांपर्यंत आला. पण मैनाबाईचा चेहरा समोर उभा राहिला आणि तो त्यांनी गिळला, कॉफीसारखाच.

"ते जडवालं चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो," प्रणाली म्हणाली. "कॉफी त्याचीच चांगली होती."

म्हणजे कॉफीसाठी हे घेतलंच नाही. बडनेऱ्यापर्यंत खुशालराव मागच्या खोक्याकडे वळून वळून पाहत राहिले.

घरी मशीन ओट्यावर ठेवलं गेलं. मैनाबाईने कुंकवाचं बोट लावलं. किशोरने व्हिडिओ काढला. सगळ्यांना कॉफी मिळाली, खुशालरावांनी पोट बिघडल्याचं सांगून चहा मागितला, आणि प्रणालीने तो करून दिला. जेवणं आटोपली.

मग मैनाबाईने पदर खोचला. खुशालराव दाराशी उभे राहून सुपारी कातरत होते. रोज जेवणं झाली की ती ओटा धुते. पुसत नाही, धुते. बरण्या, डबे, मिक्सर, सगळं उचलून खिडकीच्या कट्ट्यावर, मग तांब्याने पाणी, मग घासणी, मग पुन्हा पाणी. दोन वर्षांमागे न्हाणीत पडून तिचं डावं मनगट मोडलं, आत स्टीलची पट्टी टाकली, तरी हे सुटलं नाही. डॉक्टर म्हणाले वजन उचलू नका, तिने त्यांना घरी ओटा आहे का म्हणून विचारलं होतं.

बरण्या गेल्या. मिक्सर गेला. मग मैनाबाईने उजवा हात नव्या मशीनच्या पाठीमागून घातला, ते कमरेवर घेतलं, लेकरू घ्यावं तसं, आणि कट्ट्यावर नेऊन ठेवलं. पाणी ओतलं.

"हलकं हाय, बाई," ती म्हणाली. "मी तं भेली होती. एवढ्या किमतीचं म्हणजे मोठं धूडच आणता का काय."

"तुमाले एका हातानं उचलता आलं पाह्यजे ना रोज," प्रणाली बरण्या पुसता पुसता म्हणाली. "बाबा तं तीस किलोचं बांधून घेऊन राहिले होते."

मैनाबाईने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"आन् ओटा कोण धुणार होतं? तुमी?"

खुशालरावांचा अडकित्ता थांबला. त्यांनी सुपारीचं खांड तसंच तोंडात टाकलं. पण आशा ठेवायची तर पुरती खात्री करून, असा त्यांचा स्वभाव. आयुष्यभर दुसऱ्यांना फसवलेला माणूस स्वतः सहजी फसत नाही. त्यांनी कोपऱ्यातला रिकामा खोका उचलला.

"हा माळ्यावर टाकतो," ते म्हणाले. "फोम बी हाय आत. लागंल."

"कायले?" प्रणालीने विचारलं.

"लागते. उद्या कुठं न्यायचं म्हटलं तं…"

पुढचं वाक्य त्यांनी हवेत सोडून दिलं आणि खोक्याच्या कडा चाचपत राहिले.

प्रणालीने हात पुसले. भाजीची सुरी घेतली, खोका त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चारही कोपरे वरपासून खालपर्यंत चिरले. तो सपाट झाला. मग तो घेऊन ती बाहेर पोर्चमध्ये गेली. तिथे खुशालरावांची जुनी स्कूटर उभी असायची, आणि तिचं तेल गळून फरशीवर पडलेल्या डागावरून मैनाबाई रोज बोलायची. प्रणालीने स्कूटर रेटून खोका खाली सरकवला.

"रस्ता खराब होता, गाडीत आदळू नये म्हणून घेतला होता खोका," ती म्हणाली. "कुठं न्यायचं हाय, बाबा?"

 ती आत गेल्यावर खुशालराव दिव्याखाली उभे राहिले. खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र छापलेलं होतं, जपून हाताळा म्हणून. स्कूटरने जरा वेळ घेतला, मग तिचा एक थेंब बरोबर त्या पेल्यावर पडला. खुशालरावांनी वाकून तो नीट पाहून घेतला.

मग दारातूनच आत आवाज दिला.

"प्रणाली, बेटा, एक कप कर मले बी. बिनमिठाची."