सहा किलोंची गाय

अंतराळ जिंकणं ही प्रत्येक शेताची जबाबदारी आहे, असं आमच्या नेत्याने रेडिओवरून सांगितलं. असं काही जाहीर झालं की आमच्याकडे सभा भरते आणि गाव आपणहून एखादा संकल्प सोडतं. सोडलेला संकल्प मागे घेता येत नाही. सामूहिक शेताचे प्रमुख कुझ्मा लुकिच उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "आपण एक गाय देऊ. मालीना."

टाळ्या वाजल्या. मी कारकून, मी लिहून घेतलं.

गाय कागदोपत्री सगळ्यांची, पण अगाफ्या मावशीचा हात लागल्याशिवाय मालीना पान्हा सोडत नसे. मावशीला दुसरं कुणी नव्हतं.

"दुसरी कुठलीही न्या की," ती म्हणाली.

"बाकीच्यांना उंचीची सवय नाही," लुकिच म्हणाले. "ही टेकडीवर चरते."

महिन्याभराने शहरातून छापील अर्ज आला. खुद्द नेत्याला संकल्प आवडला होता, म्हणून वर तांबडा शिक्का. तोवर अंतराळात कुत्रीच जात होती, त्यामुळे वजनाची अट होती सहा किलो.

"मालीना किती?" लुकिचनी विचारलं.

"चारशे तीस."

"सहा लिही."

"लुकिच, नुसतं डोकंच तिचं..."

"गेल्या वर्षी मका दुप्पट आला, हे कोणी लिहिलं? तेव्हा नाही हात थरथरला तुझा."

मी सहा लिहिलं.

सफरचंदाची झाडं फुलली तेव्हा एक अधिकारी मोटारीतून पेटी घेऊन आला. चहाचं पाणी उकळायच्या समोवारपेक्षा जरा मोठी, गोल काचेची खिडकी असलेली. त्याने अर्ज पाहिला, गाय पाहिली, पुन्हा अर्ज पाहिला. मालीनाच्या पाठीवर पाकळ्या पडत होत्या.

"सहा किलोंची वाटत नाही," तो हळूच म्हणाला.

"नेत्याने मान्य केलंय," लुकिच म्हणाले. "चूक तुम्ही कळवता, की मी कळवू?"

अधिकाऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मावशीने दावं मनगटाला दोनदा गुंडाळलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "सहा किलोंची तुमच्या हातातल्या कागदात आहे ना? मग तीच न्या. ही दुसरी आहे."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने अर्जाची घडी घालून पेटीत ठेवली. मावशीने वर मूठभर गवत आणि मीठ लावलेला काळा पाव ठेवला. पेटीवर लाखेची मोहोर लागली.

जूनमध्ये रेडिओने सांगितलं, गाय पृथ्वीभोवती फिरते आहे, तब्येत उत्तम आहे.

संध्याकाळी गाव टेकडीवर जमलं. आभाळ अजून दुधाळ होतं. त्यातून एक ठिपका अगदी सावकाश, चरत चरत गेल्यासारखा गेला. लुकिचनी टोपी काढली. मावशी मालीनाला घेऊन आली होती. अंतराळात असल्यामुळे आता तिला कुणी मागायला येणार नव्हतं.

मावशीने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. दुसरा हात मालीनाच्या मानेवर होता.

"एकटीच आहे गं ती तिथे," मावशी म्हणाली. "दूध कोण काढत असेल तिचं?"

मालीना वर बघत रवंथ करत राहिली.